परतीचे टपाल

१

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला चांगदेवाच्या कोऱ्या पत्राची आख्यायिका नव्याने सांगण्याचे कारण नाही. ज्ञानदेव वयाने धाकटे म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ते अधिकाराने थोर. नमस्कार लिहावा, तर आपले वय आड येते. या पेचात सापडलेल्या चांगदेवाने मायना न लिहिता कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाईने, एवढी चौदाशे वर्षे तप करूनही हा कोराच राहिला, असा शेरा मारला. निवृत्तिनाथांनी मात्र त्या कोरेपणातच लिहायला जागा आहे हे पाहिले आणि ज्ञानदेवांना उत्तर लिहिण्यास सांगितले. त्यातून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ सिद्ध झाली, असे परंपरा सांगते. (पुढे हीच मुक्ताबाई चांगदेवाची गुरू झाली, असेही परंपराच सांगते, तेव्हा केवळ एका शेऱ्यावरून तिचे मूल्यमापन करण्याचा दोष आम्ही पत्करत नाही.)

आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. दूर असलेल्या, समोर न दिसणाऱ्या माणसाने पाठवलेल्या कागदावर काय लिहून तो परत करावा, या प्रश्नाची दोन उत्तरे तिच्यात शेजारीशेजारी उभी आहेत, एवढेच आम्हांला महत्त्वाचे वाटते. एका उत्तरात कागद पाठवणाऱ्याचे मोजमाप आहे. दुसरे उत्तर त्याला उद्देशून लिहिलेले आहे आणि पुढे कुठे जायचे ते सांगणारे आहे.

ही आख्यायिका आम्हांला आठवली ती एका अप्रिय प्रसंगामुळे. २०२० सालच्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली आणि आमचे वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. विद्यार्थी वहीत उत्तरे लिहीत, पानांची छायाचित्रे काढून व्हॉट्सअॅपवर पाठवत. एका विद्यार्थिनीने ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या ग्रंथावर चार पाने लिहून पाठवली. पाने तिरपी, एका कोपऱ्यात चुलीजवळच्या भिंतीची सावली पडलेली. आम्ही ती वाचली आणि उत्तर धाडले : ‘६/१०. मुद्देसूद लिहावे.’ त्यानंतर तिचे एकही उत्तर आले नाही. त्या दिवसांत अनेकांची उत्तरे येणे थांबले होते. कुणाकडे डेटा नव्हता, कुणाच्या घरी एकच फोन होता. त्यामुळे आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. दीड वर्षाने परीक्षेचा अर्ज भरायला ती प्रत्यक्ष आली तेव्हा तिने संकोचत विचारले, “सर, त्या निबंधात माझा कोणता मुद्दा सुटला होता?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. तिचा निबंध आम्हांला आठवत नव्हता, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे होते. निबंध समोर असतानाही तो प्रश्न आम्ही स्वतःला विचारलेला नव्हता. प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रश्नात आहे.

२

दूरस्थ शिक्षणाचा इतिहास बहुधा पाठ पोहोचवण्याच्या साधनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो : आधी टपाल, मग आकाशवाणी, मग दूरचित्रवाणी, मग संगणक, मग आंतरजाल. या मांडणीत शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जाणारी वाट दिसते. विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे येणारी आणि तिथून पुन्हा विद्यार्थ्याकडे वळणारी वाट दिसत नाही. आमच्या मते खरा इतिहास या परतीच्या टपालाचा आहे.

या इतिहासाचा प्रारंभ अनेकदा १७२८ साली बॉस्टनच्या वृत्तपत्रात आलेल्या एका जाहिरातीपासून मानतात. केलब फिलिप्स नावाच्या शिक्षकाने, आपण गावोगावच्या लोकांना दर आठवड्याला पाठ पाठवून लघुलेखन शिकवू, असे तीत म्हटले होते. परंतु विद्यार्थ्यांनी काही लिहून पाठवायचे आणि ते तपासून परत यायचे, असा उल्लेख त्या जाहिरातीत नाही. म्हणूनच काही अभ्यासक पत्रद्वारा शिक्षणाची सुरुवात तिच्यापासून न धरता १८४० पासून धरतात. विषय पुन्हा लघुलेखनाचाच, स्थळ मात्र इंग्लंडमधले बाथ.

आयझॅक पिटमन याने आपली ध्वनिलेखनपद्धती १८३७ साली प्रसिद्ध केली होती. १८४० साली ब्रिटनमध्ये ‘पेनी पोस्ट’ सुरू झाले. अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र, अंतर कितीही असो, एका पेनीत देशभर जाऊ लागले. तोवर टपालाचा खर्च अंतरावर अवलंबून असे आणि तो पुष्कळदा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. पिटमनने आपली संपूर्ण पद्धती एका छोट्या पत्रकावर छापली, म्हणजे ती पेनीच्या टपालात मावेल. विद्यार्थ्यांनी बायबलमधील उतारे लघुलिपीत उतरवून त्याच्याकडे पाठवायचे आणि त्याने चुका दुरुस्त करून परत धाडायचे, असा क्रम सुरू झाला. व्याप वाढल्यावर १८४३ साली दुरुस्तीसाठी स्वयंसेवकांचे एक पत्रव्यवहार मंडळच स्थापन झाले. पाठाचे पत्रक छापता येत होते. पण दुरुस्ती छापता येत नव्हती, तिला माणसे लागत होती. दूरस्थ शिक्षणाचे पुढील पावणेदोनशे वर्षांचे अर्थशास्त्र या एका विषमतेत सामावलेले आहे. पाठाची दहा हजारावी प्रत जवळजवळ फुकट पडते, दहा हजाराव्या वहीवरचा शेरा मात्र पहिल्या वहीवरच्या शेऱ्याइतकेच कष्ट मागतो.

अर्थात लघुलेखनातील चूक ही चूकच असते. तिची दुरुस्ती वादातीत असते. साहित्याच्या किंवा इतिहासाच्या उत्तराचे तसे नाही. तिथे शेरा लिहिणाऱ्याला आधी विद्यार्थ्याचे म्हणणे समजून घ्यावे लागते. त्या दृष्टीने आम्हांला बॉस्टनमधील अॅना एलियट टिकनॉर यांचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. १८७३ साली त्यांनी घरी राहून अभ्यास करू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी एक संस्था काढली. इतिहास, विज्ञान, कला, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी साहित्य असे तिचे सहा विभाग होते. संस्थेचे ग्रंथालय टपालाने पुस्तके पाठवी. विद्यार्थिनीने वाचावे, पुस्तक मिटून आठवणीतून टिपणे लिहावीत आणि आपल्या मार्गदर्शक बाईंना दरमहा पत्र लिहावे, अशी रीत होती. मार्गदर्शक बाई वेतन घेत नसत. त्या पत्राला पत्रानेच उत्तर देत; शंका सोडवत, प्रतिप्रश्न विचारत, पुढचे पुस्तक सुचवत. १८९६ साली टिकनॉर यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी संस्थाही बंद पडली. चोवीस वर्षांत सात हजारांहून अधिक स्त्रियांनी तिच्यात नावे नोंदवली होती.

येथे तपासनिसाचा शेरा आणि मैत्रिणीचे पत्र यांतील सीमारेषा पुसट झालेली दिसते. ज्या काळात बहुसंख्य स्त्रियांना उच्च शिक्षणाची दारे बंद होती, त्या काळात कुणीतरी आपली टिपणे वाचते आणि त्यांवर आपल्याला लिहिते, एवढ्या अनुभवाचेही मोल मोठे असणार. चार तिरप्या पानांची छायाचित्रे पाठवणाऱ्या मुलीची अपेक्षा याहून फार वेगळी नसावी.

३

आपल्याकडे मात्र वेगळे घडले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्या वेळचे लंडन विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे होते. पुढच्याच वर्षी, १८५८ साली, लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा कुठेही, कसाही अभ्यास केलेल्या उमेदवारांना खुल्या केल्या. दूरस्थ शिक्षणाच्या इतिहासात या घटनेला फार मानाचे स्थान आहे. आमच्या दृष्टीने तिच्यात एक उणीव आहे. विद्यापीठ दूरच्या उमेदवाराचा कागद स्वीकारत होते. तो कागद परत पाठवत नव्हते. उमेदवाराला कळे तो केवळ निकाल.

परीक्षेच्या दृष्टीने हे योग्यच होते. निःपक्षपातासाठी परीक्षक अनोळखी हवा, उमेदवाराला नावाऐवजी क्रमांक हवा, गुणदान गोपनीय हवे. पण हीच गोपनीयता आपल्या अध्यापनाचाही स्वभाव होऊन बसली. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या उत्तरपत्रिका तपासल्या गेल्या, गुण चढवले गेले, ठरावीक मुदतीनंतर गठ्ठे रद्दीत गेले. आपण नेमके काय चुकलो, हे जाणून घेण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, असे कुणालाच वाटले नाही. २०११ सालच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात निर्णय दिला, की माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल. विद्यापीठांच्या स्थापनेनंतर एकशे चौपन्न वर्षांनी, तेही कायद्याचा आधार घेऊन, विद्यार्थ्याच्या हाती त्याचाच कागद पडला. त्या कागदावर बहुधा काय सापडते? समासात आकडे, आडव्या-तिरप्या रेघा आणि शेवटी बेरीज. कारण तो कागद परत जाईल असे गृहीत धरून कुणी लिहिलेलेच नव्हते.

शब्दांकडेही लक्ष द्यावे. ‘शेरा’ हा मुळात दप्तरी व्यवहारातला शब्द. अर्जावर वरिष्ठाने मारायचा तो शेरा. त्याला उत्तर अपेक्षित नसते. ‘अभिप्राय’ ग्रंथावर देतात. ‘प्रत्याभरण’ हा शब्द शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी घडवला आणि तो तिथेच राहिला. मूळ इंग्रजी ‘फीडबॅक’ विद्युत्‌मंडलांच्या परिभाषेतून आला. नॉर्बर्ट वीनर यांच्या ‘सायबरनेटिक्स’ (१९४८) या ग्रंथानंतर तो यंत्रांच्या दुनियेतून इतर ज्ञानशाखांत पसरला. यंत्राने केलेल्या कामाचा परिणाम यंत्राकडेच परत जातो आणि त्याची पुढची चाल बदलतो, असा त्याचा अर्थ. चाल बदलली नाही, तर त्या परतीला फीडबॅक म्हणता येत नाही, हे या संकल्पनेत अनुस्यूत आहे. आज आपल्या महाविद्यालयांत ‘फीडबॅक’ हा शब्द सर्वाधिक उच्चारला जातो तो मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी, विद्यार्थ्यांनी शिक्षकांविषयी भरायच्या तक्त्यांसंदर्भात. विद्यार्थ्याला मिळायचा अभिप्राय त्या शब्दाच्या वापरातून जवळजवळ गळून पडला आहे.

४

पत्रद्वारा शिक्षण भारतात विद्यापीठ पातळीवर आले ते १९६२ साली, दिल्ली विद्यापीठात. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली ते सुरू केले. त्याच वर्षी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले सुमारे २४,००० विद्यार्थी अभ्यासाला लागले. १९६९ साली सनद मिळालेल्या या विद्यापीठाची ख्याती बीबीसीवरच्या त्याच्या पाठांमुळे झाली. तथापि त्याच्या शिक्षणव्यवहाराचा कणा होता तो मार्गदर्शकाने तपासायचा स्वाध्याय. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक नेमून दिलेला असे. त्याने स्वाध्यायाच्या समासात टीपा लिहायच्या आणि शिवाय एका स्वतंत्र पत्रकावर एकूण अभिप्राय लिहायचा. तपासलेल्या स्वाध्यायांतील काही नमुने विद्यापीठातील ज्येष्ठ शिक्षक पुन्हा वाचत. गुण योग्य दिले आहेत की नाहीत हे ते पाहत, तसेच मार्गदर्शकाने लिहिलेल्या शब्दांतून विद्यार्थ्याला काही शिकता येईल की नाही हेही पाहत. शिक्षकाचा शेरा हेही अध्यापनच आहे आणि म्हणून त्याचीही तपासणी व्हायला हवी, ही कल्पना त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती.

याच नमुन्याचा आधार घेत १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात ‘अभ्यास केंद्र’, ‘संपर्क सत्र’, ‘संमंत्रक’ ही नवी परिभाषा रुळली. ‘संमंत्रक’ हा शब्द आम्हांला विशेष आवडतो. सोबत बसून विचार करणारा, असा त्याचा भाव आहे. परीक्षकाच्या शब्दकुळात तो बसत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या प्रशिक्षण-साहित्यात तर शेऱ्यांचे सविस्तर वर्गीकरणच आढळते. रचनात्मक शेरा, समग्र शेरा, व्यक्तिगत शेरा हे इष्ट. पोकळ शेरा, दिशाभूल करणारा शेरा, नकारात्मक शेरा, घातक शेरा हे अनिष्ट. जिथे नुसती खूण किंवा रेघ आहे आणि शब्दच नाही, तो शून्य शेरा. आमचे ‘मुद्देसूद लिहावे’ या वर्गीकरणात कुठे बसेल? ते चुकीचे नव्हते, अपमानकारकही नव्हते. ते कोणत्याही विद्यार्थ्याच्या कोणत्याही निबंधावर लिहिता आले असते, म्हणून ते पोकळ होते.

सिद्धांत इतका स्पष्ट असताना व्यवहार का घसरला? आमच्या मते कारणे तीन आहेत. पहिले, स्वाध्याय तपासण्याचे मानधन नगावर मिळते. शेरा लिहा वा न लिहा, रक्कम तीच. दुसरे, तपासलेला स्वाध्याय विद्यार्थ्याच्या हाती येईपर्यंत पुष्कळदा सत्रान्त परीक्षा दाराशी आलेली असते. मग तो वाचून उपयोग काय? तिसरे कारण पहिल्या दोहोंचा परिणाम आहे. स्वाध्यायाचे गुण पदवीत धरले जातात, पण त्यावर कुणी काही लिहीत नाही, हे विद्यार्थ्याने ओळखले. सोडवलेले तयार स्वाध्याय बाजारात आले आणि विद्यार्थी ते उतरवून देऊ लागले. या विद्यार्थ्यांच्या नैतिकतेविषयी तावातावाने बोलणारे आमचे सहकारी आहेत. आम्हांला त्यात एक प्रकारचा समतोल दिसतो. वाचल्याचे नाटक करणाऱ्याला लिहिल्याचे नाटक मिळाले.

५

शेऱ्याने खरोखर काही फरक पडतो का? हा प्रश्न एलिस पेज या अमेरिकन संशोधकाने १९५८ साली प्रयोगाने तपासला. चौऱ्याहत्तर शिक्षक आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाच्या उत्तरपत्रिकांवर केवळ गुण व श्रेणी. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकांवर श्रेणीनुसार आधीच ठरवून दिलेले उत्तेजनपर वाक्य. तिसऱ्याच्या उत्तरपत्रिकांवर शिक्षकाला त्या विद्यार्थ्यासाठी जे लिहावेसे वाटेल ते. पुढच्या चाचणीत तिसरा गट सर्वांत पुढे, ठरावीक वाक्य मिळालेला गट मध्ये आणि काहीच न मिळालेला मागे, असा क्रम लागला. पुढील काळातील पडताळ्यांत हा निष्कर्ष सर्वत्र टिकला नाही, हेही नमूद करायला हवे. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित विचार करून क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली दाखवले, की अभिप्रायाचा सरासरी परिणाम चांगला असला तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावलीच होती. अभिप्राय कामाविषयी न राहता माणसाविषयी होऊ लागला, की त्याचे बळ कमी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

इस्रायलमधील रूथ बटलर यांच्या १९८८ सालच्या प्रयोगाने आम्हां शिक्षकांना अधिक अस्वस्थ करावे. त्यांनी शाळकरी मुलांच्या एका गटाला केवळ गुण दिले, एका गटाला केवळ लिखित अभिप्राय आणि एका गटाला दोन्ही. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि गोडी दोन्ही वाढली. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना मात्र तसा लाभ झाला नाही. आकडा दिसला, की त्याच्या शेजारची वाक्ये वाचली जात नसावीत. ‘६/१०. मुद्देसूद लिहावे.’ या आमच्या संदेशात आकडा आधी होता आणि वाक्य नंतर.

ऑस्ट्रेलियाचे रॉइस सॅडलर यांनी १९८९ साली या सर्व चर्चेला एक नेमकी चौकट दिली. विद्यार्थ्याला सुधारायचे असेल तर तीन गोष्टी लागतात : चांगले काम कसे असते याची कल्पना, आपले काम त्यापासून किती दूर आहे याची जाण आणि ते अंतर कापण्यासाठी प्रत्यक्ष काही करण्याची संधी. आपण पहिली गोष्ट गृहीत धरतो, दुसरी आकड्यात सांगतो आणि तिसरी देतच नाही. ‘मुद्देसूद’ म्हणजे काय, हे त्या मुलीने मुद्देसूद लिहिलेला एखादा निबंध पाहिल्याशिवाय कसे ओळखावे? आणि ओळखले तरी तोच निबंध पुन्हा लिहून पाठवण्याची वाट आम्ही ठेवली होती का?

६

परतीच्या टपालातला माणूस काढून टाकता येईल का, हा प्रश्नही जुनाच. ओहायोच्या सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात बटण दाबून उत्तर निवडायचे यंत्र बनवले; उत्तर चुकल्यास यंत्र पुढे सरकत नसे. स्किनर यांनी १९५० च्या दशकात अध्यापनयंत्रांचा पुरस्कार केला तो तत्काळ मिळणाऱ्या उत्तराच्या बळावर. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली सुरू झाली. या परंपरेचे वारस आज आपल्या हातात आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ सारख्या मंचावरील बहुपर्यायी चाचण्या क्षणार्धात तपासून मिळतात. व्याकरणातील किंवा वाङ्मयेतिहासातील सनावळीच्या प्रश्नांसाठी हे पुरेसे आहे आणि आम्ही त्याचा आनंदाने उपयोग करतो. निबंधाचे काय?

येथे पुन्हा तेच एलिस पेज भेटतात. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी स्वतःच्या शब्दांत लिहिलेला शेरा सर्वांत परिणामकारक, असा निष्कर्ष १९५८ साली काढणाऱ्या याच गृहस्थांनी १९६६ साली, संगणकाने निबंध तपासण्याचा दिवस जवळ आला आहे, असे प्रतिपादन केले आणि तशी प्रणालीही उभी केली. यात विसंगती आहे असे सकृद्दर्शनी वाटते. आम्हांला ती वाटत नाही. शाळाशिक्षकाच्या टेबलावरचा वह्यांचा ढीग त्यांनी पाहिला होता. माणसाला जमणार नसेल तर यंत्राने तरी लिहावे, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. त्यांचे यंत्र निबंधाचा अर्थ वाचत नव्हते. शब्दसंख्या, शब्दांची लांबी, विरामचिन्हे अशा बाह्य खुणा मोजून ते माणसाने दिले असते त्याच्या जवळपासचे गुण देत होते. माणसाच्या गुणदानाशी ते इतके जुळावे, ही बाब यंत्राच्या बुद्धीपेक्षा आपल्या गुणदानाविषयी अधिक काही सांगून जाते.

२०२२ सालच्या अखेरीस संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांना उपलब्ध झाली आणि आता यंत्र परिच्छेदच्या परिच्छेद अभिप्राय लिहिते, तोही बऱ्या मराठीत. आमच्यापैकी काहींनी तो वापरून पाहिला आहे आणि त्यातील काही सूचना आमच्या ‘मुद्देसूद लिहावे’पेक्षा निःसंशय उपयुक्त होत्या. तेव्हा यंत्राला तुच्छ लेखण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे. मात्र विद्यार्थी यंत्राकडून निबंध लिहवून घेईल आणि आम्ही यंत्राकडून अभिप्राय, तर तयार स्वाध्यायांच्या बाजारात जो समतोल साधला गेला होता, त्याचीच ही सुधारून वाढवलेली आवृत्ती होईल. दोन्ही बाजूंची पाने भरलेली असतील आणि चांगदेवाचा कागद मात्र कोराच असेल.

७

या इतिहासातून आम्ही स्वतःपुरते जे शिकलो ते मोठे नाही. साठ-सत्तरांच्या वर्गात प्रत्येकाला टिकनॉरबाईंसारखे दरमहा पत्र लिहिणे आम्हांला शक्य नाही आणि ते शक्य आहे असे भासवण्यात अर्थही नाही. म्हणून आम्ही सत्रात लेखनाची संख्या कमी केली : चार निबंधांऐवजी दोन, पण प्रत्येक निबंध दोनदा. पहिल्या खेपेस गुण द्यायचे नाहीत. विद्यार्थ्याच्या निबंधातील एक वाक्य उद्धृत करायचे आणि त्या वाक्याविषयी एक प्रश्न विचारायचा, जेणेकरून तो शेरा दुसऱ्या कुणाच्या निबंधावर चिकटवता येऊ नये. आठवड्याच्या आत तो परत करायचा. दुसऱ्या खेपेस विद्यार्थ्याने, आपण काय बदलले आणि काय मुद्दाम बदलले नाही, हे चार ओळींत लिहायचे. ‘मुद्दाम बदलले नाही’ ही सवलत आम्ही नंतर जोडली. शिक्षकाचा अभिप्राय नाकारण्याची मुभा मिळाल्यावर विद्यार्थी तो अधिक लक्षपूर्वक वाचतात, असे आम्हांला दिसले. ज्यांना टंकलेखन अवघड जाते त्यांना आम्ही दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश पाठवतो. आवाज ऐकून काही जण उलट फोन करतात; त्या फोनवर जे बोलणे होते ते कोणत्याही तक्त्यात नोंदवता येत नाही.

सर्वच सुधारतात असे नाही. काही जण दुसऱ्या खेपेस तोच निबंध नव्या कागदावर उतरवून पाठवतात. काही जण पाठवतच नाहीत. फरक एवढाच, की आता उत्तर येणे थांबले की आम्ही त्याचा दोष लगेच त्यांच्या डेटापॅकवर ढकलत नाही. आपण शेवटचे काय लिहिले होते ते आधी काढून वाचतो.

त्या विद्यार्थिनीला आम्ही तिच्या निबंधाची पाने पुन्हा पाठवायला सांगितली. तिच्या फोनमध्ये ती होती. या वेळी ती छापून घेऊन, पेन हातात धरून वाचली. तिसऱ्या पानावर तिने लिहिले होते, की ताराबाई पुरुषांना प्रश्न विचारतात खऱ्या, पण त्यांच्या वाक्यांचा सूर उत्तराची वाट पाहणाऱ्याचा नाही. उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाचा आहे. एवढे लिहून तिने तो मुद्दा सोडून दिला होता आणि पुढे ग्रंथाचा सारांश सुरू केला होता. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते होते. सुटलेला मुद्दा तिचा स्वतःचाच होता, निबंधातला सर्वांत चांगला होता, आणि तिथे थांबून आणखी दोन पाने लिही, असे आम्ही तेव्हा सांगायला हवे होते. ते आम्ही तिला दीड वर्ष उशिरा लिहून कळवले. तिने पुढची दोन पाने लिहून पाठवली आहेत, आणि ती आमच्या टेबलावर आहेत.